हंगामी चाकबदल व नटांची योग्य आवळणी

मुंबईची उपनगरे जागी होण्यापूर्वीच त्यांचे अन्न वाटेस लागलेले असते. नाशिककडील वाहने रात्री कसारा घाट उतरून ठाण्यावरून मुलुंडला येतात. जुन्नर-ओतूरकडील भाजीपाला माळशेज घाटाने मुरबाड-कल्याणवरून येतो. पालघर-वसईकडील माल अहमदाबाद रस्त्याने दहिसरला शिरतो व बोरिवली-अंधेरीस पोहोचतो. पहाटे पाचच्या सुमारास घाटकोपर अथवा मुलुंड स्थानकाबाहेर उभे राहिल्यास कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटोचे क्रेट व भेंडीच्या गोण्या उतरविण्याची लगबग दृष्टीस पडते. दिवस उजाडेपर्यंत हा माल हातगाडीवर चढतो आणि तासा-दोन तासांत घरोघर पोहोचतो.

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला. तेव्हापासून बाजार समितीच्या आवाराबाहेर आपला माल ग्राहकास थेट विकण्याची वाट शेतकऱ्यांस मोकळी झाली. अनेक तरुण शेतकरी व त्यांचे गट स्वतःचे अथवा भागीतील वाहन घेऊन उपनगरांत येऊ लागले. अडत वाचली, परंतु एक नवी जबाबदारी अंगावर आली. पूर्वी वाहनाची काळजी वाहतूकदार वाहत असे. आता वाहन शेतकऱ्याचे, चालक घरचा व जोखीमही घरचीच. बियाण्याची उगवण तपासून पाहणारा, फवारणीचे औषध मोजून घेणारा शेतकरी आपल्या वाहनाची चाके किती नटांवर उभी आहेत व ते नट कोणी, कसे आवळले, याचा विचार मात्र क्वचितच करतो. पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलण्याची व भातशेतीत चिखलणीची चाके चढविण्याची घाई असते. त्यामुळे या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

सुटलेल्या चाकाचे सामर्थ्य

चाक निखळणे म्हणजे निव्वळ खोळंबा नव्हे. समजा, एका लहान मालवाहू गाडीचे टायरसह चाक २५ किलो वजनाचे आहे व गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे. असे चाक सुटून पुढे धावल्यास त्याच्या अंगी ५० किलोचे पोते सुमारे ७ मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, खाली पडताना असते तेवढा जोर असतो. चाकाच्या फिरण्याचा जोर याखेरीज वेगळाच. त्याला ब्रेक नाही, दिशा देणारा कोणी नाही. पूर्व द्रुतगती मार्गालगत बसची वाट पाहत उभे असणारे कामगार, शाळेस निघालेली मुले, कोपऱ्यावर टोपली मांडून बसलेली भाजीवाली यांपैकी कोणाच्याही अंगावर ते जाऊ शकते. गाडीतील माल नासला तर पुढच्या खेपेत भरून काढता येतो. माणूस गेल्यास ते नुकसान कशानेही भरून येत नाही.

ऋतू आणि चाके

युरोपातील थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर वापरतात. जर्मनीत साधारणतः ऑक्टोबरपासून ईस्टरच्या सणापर्यंत हिवाळी टायर ठेवण्याचा प्रघात आहे. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यांवर हिवाळी स्थिती असल्यास ते कायद्याने सक्तीचे आहेत. तेथे वर्षातून दोन वेळा घरोघर चाके बदलली जातात. चाक बदलल्यानंतर थोडे अंतर चालवून नट पुन्हा तपासण्याची सवयही तेथील लोकांनी लावून घेतली आहे.

आपल्याकडे बर्फ नाही. तथापि हंगामी चाकबदल आहेच. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो व ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. या चार महिन्यांत गुळगुळीत टायर रस्त्यावरील पाणी बाजूस सारू शकत नाही व गाडी घसरते. चारचाकी वाहनाच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस गॅरेजसमोर टायर बदलणाऱ्यांची रांग लागते. दुसरा चाकबदल शेतातील आहे. ठाणे, पालघर व रायगडच्या भातखाचरांत चिखलणीसाठी ट्रॅक्टरची अथवा पॉवर टिलरची रबरी चाके काढून लोखंडी पिंजऱ्याची चाके बसवितात. लावणी आटोपली की पुन्हा रबरी चाके चढतात. म्हणजे एका हंगामात तेच नट निदान दोन वेळा निघतात व दोन वेळा बसतात. चाक जितक्या वेळा निघते तितक्या वेळा ते चुकीचे बसण्याचा संभव असतो.

लोहाराची धाव व बोल्टाचा ताण

नट नेमके काय काम करतो, हे समजण्यासाठी जुन्या बैलगाडीच्या चाकाकडे पाहणे सोयीचे होईल. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करी. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लाल तापवून फुगवी, चाकावर बसवी आणि लागलीच तिच्यावर पाणी ओती. धाव निवताना आकसे व आरे, पुठ्ठे आणि तुंबा यांना चोहोबाजूंनी घट्ट आवळून धरी. चाक एकसंध राहत असे ते धावेच्या आवळण्यामुळे.

मोटारीच्या चाकाचा बोल्टही याच तत्त्वावर काम करतो. पुष्कळांची समजूत अशी की, बोल्ट हा खुंटीसारखा असून गाडीचा भार त्यावर टांगलेला असतो. ही समजूत बरोबर नाही. नट आवळला जातो तेव्हा बोल्ट लांबीच्या दिशेने किंचित ताणला जातो. ताणलेले रबर जसे मूळ लांबीकडे येऊ पाहते, तसेच पोलादही येऊ पाहते. ताण व जोर यांचा हा संबंध इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली ग्रंथरूपाने मांडला. ताणलेला बोल्ट रिमच्या तबकडीस हबवर दाबून धरतो. या दाबामुळे दोन पृष्ठभागांत जे घर्षण निर्माण होते तेच गाडीचा भार, ब्रेकचा झटका व वळणाचा रेटा पेलते. बोल्टाने फक्त दाबून धरावयाचे असते.

आता मुख्य गोष्ट. लहान गाडीच्या बोल्टाचे हे ताणले जाणे किती असते? माणसाच्या केसाच्या जाडीइतके, त्याहून फारसे अधिक नाही. सगळे चाक या केसभर ताणावर उभे असते. रिम व हब यांच्यामध्ये केसाच्या जाडीचा गंजाचा पापुद्रा, रंगाचा थर अथवा वाळलेला चिखल राहिला, तर नट आवळताना तो घट्टच लागतो. गाडी धावू लागली की हा थर चुरतो, दबतो व झडून जातो. थर गेला की ताण गेला. नट एक सूतभरही न फिरता सैल झालेला असतो. ‘मी स्वतः घट्ट केले होते’ असे चालक शपथेवर सांगतो व ते खरेही असते.

सैल नटाचा पुढील प्रवास

ताण गेला की रिम हबवर सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात बोल्टास एकदा इकडे व एकदा तिकडे वाक मिळतो. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकविली असता एकदम मोठा जोर न लावताही ती तुटते. धातूचे हे थकणे जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून तपासले. लहान गाडीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ५०० फेरे घेते. ओतूरहून मुलुंडपर्यंतच्या एका खेपेत बोल्टास किती वेळा वाक मिळत असेल, याचा हिशेब कोणीही करू शकेल. एक बोल्ट तुटला की त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो, मग दुसरा तुटतो आणि त्यानंतर फार वेळ लागत नाही.

याउलट नट वाजवीपेक्षा अधिक आवळणे हेही तितकेच घातक आहे. पोलादास मर्यादेपलीकडे ताणले की ते परत आकसत नाही. आटे ओढले जातात, बोल्ट लांबतो, रिमची भोके पसरतात. असा बोल्ट बाहेरून धडधाकट दिसतो व पुढे कधीतरी अवचित तुटतो. शिवाय रस्त्यात चाक पंक्चर झाल्यास तो नट हातपान्याने निघत नाही. भर पावसात, मालाने भरलेल्या गाडीखाली अडकलेला नट काढण्याचा प्रयत्न करणे हा स्वतंत्र धोका आहे.

नेहमीचा एक प्रसंग

गॅरेजसमोर एक संवाद वरचेवर ऐकू येतो. चार चाके बदलून झालेली असतात. चालक विचारतो, “भाऊ, नट हातानं एकदा बघून घ्यायचे का?” कारागीर म्हणतो, “काका, गननं मारलेत. आता हलायचं नाव घेणार नाहीत.” मागे तीन गाड्या उभ्या असतात. काका पैसे देतात व निघतात.

हवेवर चालणाऱ्या गनने नट बसविणे वेळ वाचविणारे आहे व तिचा उपयोग करण्यास प्रत्यवाय नाही. परंतु गनचा जोर हवेच्या दाबावर, गनच्या स्थितीवर व कारागिराने किती वेळ कळ दाबून धरली यावर अवलंबून असतो. एका नटास कमी व दुसऱ्यास दुप्पट जोर बसणे सहज शक्य आहे. यास्तव गनने नट केवळ टेकेपर्यंत आणावेत व अखेरची आवळणी हातपान्याने अथवा मोजणीच्या टॉर्क पान्याने करून घ्यावी. असा आग्रह धरल्याने कारागिराचा अपमान होत नाही. आपल्या देखत काटा तपासून घेणाऱ्या गिऱ्हाइकावर प्रामाणिक दुकानदार रागावत नाही, तसेच हे आहे.

चाक बदलण्याची योग्य रीत

१. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. हातब्रेक लावून गाडी गिअरमध्ये ठेवावी व विरुद्ध बाजूच्या चाकाच्या पुढे-मागे दगड अथवा लाकडी ठोकळे लावावेत. पावसाळ्यात रस्त्याकडेची जमीन भुसभुशीत असते. तेथे जॅकखाली जाड फळी ठेवावी. शक्यतो माल उतरवून मगच गाडी उचलावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

२. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच सर्व नट अर्धा वेढा सैल करावेत. चाक अधांतरी असताना जोर लावल्यास गाडी जॅकवरून घसरते.

३. चाक काढल्यावर हबचा दर्शनी भाग, रिमची आतील बाजू व नट बसण्याच्या खोलगट जागा तारेच्या ब्रशने घासून, फडक्याने पुसून स्वच्छ कराव्यात. संपूर्ण रीतीत हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे व तेच बहुधा टाळले जाते. जुन्या रिमला नवा रंग देताना नटाच्या जागी व हबला टेकणाऱ्या भागावर रंगाचे थर चढवू नयेत.

४. आटे तपासावेत. नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडत असल्यास आटे खराब आहेत, असे समजून तो भाग बदलावा. वाहन बनविणाऱ्याने तसे सांगितले नसेल तर आट्यांस तेल किंवा ग्रीस लावू नये. नट आवळताना आपल्या जोराचा बहुतेक भाग घर्षणातच खर्च होतो व सुमारे एक दशांश भाग बोल्टास ताण देतो. तेलाने घर्षण घटले की त्याच जोरात बोल्ट कितीतरी अधिक ताणला जातो.

५. नटाची उतरती बाजू रिमकडे असावी. लोखंडी रिमचे नट व अलॉय रिमचे नट पुष्कळदा वेगळे असतात; एकाचे दुसऱ्यास लावू नयेत. काही वाहनांत रिमला स्टडऐवजी सरळ हबमध्ये जाणारे बोल्ट असतात. त्यांची लांबी व टोकाचा आकार जुन्याप्रमाणेच असावा. काही जुन्या अवजड गाड्यांत डाव्या बाजूस उलटे आटे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

६. सर्व नट प्रथम बोटांनी बसवावेत. नंतर पान्याने थोडे आवळून चाक हबवर सारखे बसले आहे, हे पाहावे. त्यानंतर गाडी खाली उतरवून अखेरची आवळणी करावी.

७. नट ओळीने न आवळता समोरासमोर आवळावेत. घड्याळाच्या क्रमाने नटांस मनात आकडे द्यावेत. पाच नट असल्यास १, ३, ५, २, ४ हा क्रम ठेवावा. सहा असल्यास १, ४, २, ५, ३, ६ आणि आठ असल्यास १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ हा क्रम योग्य होय. एकाच बाजूचे नट आधी पूर्ण आवळल्यास चाक तिरपे बसते आणि समोरचे नट घट्ट लागूनही खरा दाब देत नाहीत. आवळणी एकदम न करता निदान दोन टप्प्यांत करावी. आधी सर्व नट अर्ध्या जोराने आवळावेत, मग पुन्हा त्याच क्रमाने पूर्ण जोराने.

किती आवळावे?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वाहनाच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते व तेच प्रमाण मानावे. आवळण्याचा जोर न्यूटन-मीटर या मापात सांगतात. सर्वसाधारणपणे लहान मोटारीस १०० ते १२० न्यूटन-मीटर लागतात. २२ मिलिमीटर जाडीचे स्टड असलेल्या मोठ्या ट्रकांस ५५० ते ६५० न्यूटन-मीटरपर्यंत जोर लागतो. पिकअप व टेंपो यांचा आकडा बहुधा या दोहोंच्या दरम्यान असतो. म्हणून एका गाडीचा अंदाज दुसरीस लावणे अयोग्य ठरते.

टॉर्क पाना असल्यास उत्तमच. गावातील शेतकरी गटाने असा एक पाना सामाईक घ्यावा. तो अनेक गाड्यांस पुरतो. तोपर्यंत शेतकऱ्याच्या घरी असलेल्या स्प्रिंगच्या लटकत्या ताणकाट्याचा उपयोग करता येतो. पान्याच्या टोकास काट्याचा आकडा अडकवावा व पान्याशी काटकोन राहील अशा रीतीने काटा ओढावा. काट्यावर किती किलो दिसावेत, याचा हिशेब सोपा आहे. पुस्तिकेतील न्यूटन-मीटरच्या आकड्यास ९.८ ने भागावे. आलेल्या उत्तरास नटाच्या मध्यापासून आकड्यापर्यंतच्या पान्याच्या लांबीने, मीटरमध्ये, भागावे.

उदाहरणार्थ, पुस्तिकेत ११० न्यूटन-मीटर दिले आहेत व पान्याची लांबी ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.४ मीटर आहे. ११० भागिले ९.८ म्हणजे सुमारे ११.२, त्यास ०.४ ने भागिले असता २८ येतात. म्हणजे काट्यावर २८ किलो दिसेपर्यंत ओढावे व थांबावे. असे चार-सहा वेळा केल्यावर हातास त्या जोराची ओळख पटते.

याच हिशेबाने एक वाईट सवय पारखून पाहता येईल. पान्यास एक मीटर लांबीचा पाइप जोडून त्यावर ६० किलो वजनाचा माणूस उभा राहिला, तर नटावर सुमारे ५९० न्यूटन-मीटर जोर पडतो. लहान गाडीस लागणाऱ्या जोराच्या हा जवळजवळ साडेपाच पट झाला. मोठ्या ट्रकच्या नटास जे चालते ते लहान गाडीच्या नटाचा घात करते.

चिखलणीची चाके

भातखाचरातील चाकबदलात काही गोष्टी अधिक सांभाळाव्या लागतात. पिंजऱ्याची चाके दोन प्रकारची असतात. काही रबरी चाकाच्या जागी पूर्णपणे बसतात, तर काही रबरी चाकाच्या बाहेरच्या अंगास जोडली जातात. दुसऱ्या प्रकारात हबवरील आवळणीत आणखी एका तबकडीची भर पडते. म्हणून जोडचाकासोबत आलेले लांब बोल्टच वापरावेत. नट पूर्ण बसल्यावर त्यातून बोल्टाचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

ट्रॅक्टरच्या मागील टायरमध्ये वजनासाठी पाणी भरले असल्यास ते चाक फार जड होते. ते एकट्याने हाताळू नये. दोन-तीन माणसे व फळीचा आधार घ्यावा. चिखलात काम केलेले चाक काढल्यावर सर्व भाग पाण्याने धुऊन, पुसून, मगच रबरी चाक चढवावे. वाळलेल्या चिखलाचा केसभर थर किती महाग पडतो, हे वर सांगितलेच आहे. टायरच्या बाजूवर बाणाची खूण असल्यास ती फिरण्याच्या दिशेस जुळवून घ्यावी. नवे जोडलेले चाक तास-दोन तास चालल्यावर बांधावर ट्रॅक्टर थांबवून नट तपासावेत. लोखंडी चाके लावून डांबरी रस्त्यावर जाऊ नये. रस्ता उखडतो व हादऱ्यांनी बोल्टही सैल होतात.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर

कितीही काळजी घेतली तरी नव्याने बसविलेले भाग पहिल्या काही किलोमीटरमध्ये एकमेकांत रुततात व ताण थोडा कमी होतो. म्हणून ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट एकदा पुन्हा तपासणे हा चाकबदलाचाच शेवटचा टप्पा समजावा. नाशिकहून निघालेल्या गाडीने कसारा घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीस थांबावे. ओतूरहून येणाऱ्याने माळशेज उतरण्यापूर्वी थांबावे. घाटात ब्रेकने हब तापतात व वळणांत चाकांवर आडवा रेटा येतो. सैल नटाची कसोटी तेथेच लागते. तपासताना नट आधी सैल करून मग आवळू नये. ठरलेल्या जोराने पाना लावावा व तो फिरतो का, एवढेच पाहावे. फिरल्यास पुढील थांब्यावर पुन्हा तपासावे. दुसऱ्या वेळीही फिरल्यास आत काही दोष आहे, असे समजून चाक उघडून पाहावे.

चहासाठी गाडी थांबतेच. त्या वेळात चार चाकांभोवती एक फेरी मारण्यास पाच मिनिटे पुरतात.

दोषाच्या खुणा

सैल चाक बहुधा आधी सूचना देते. नटापासून बाहेर पसरलेल्या तांबूस गंजाच्या रेघा, नटाभोवती रिमवर चकाकणारी घासल्याची खूण, लांबट झालेली भोके व रंगात पडलेल्या भेगा या डोळ्यांस दिसणाऱ्या खुणा होत. कमी वेगात येणारा ‘टक-टक’ असा ठेका, स्टिअरिंगची नवी थरथर व गाडी एका बाजूस ओढली जाणे या चालताना कळणाऱ्या खुणा होत. यांपैकी काहीही जाणवल्यास वेग हळूहळू कमी करून गाडी कडेस घ्यावी. बाजार जवळ आला आहे, माल उतरवून मग पाहू, हा विचार करू नये.

एखादा स्टड तुटलेला आढळल्यास तेवढाच बदलून भागत नाही. त्याचा भार शेजारच्या स्टडांनी वाहिलेला असतो. निदान दोन्ही बाजूंचे स्टड व शक्य तर त्या चाकाचे सर्व बदलावेत. भोके लांबट झालेली रिम वेल्डिंग करून वापरू नये. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली वाहने विशेष तपासावीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतील असंख्य वाहने पाण्यात बुडाली. तसा दिवस रोज येत नाही. पण सखल रस्त्यांवर हबपर्यंत पाणी चढणे दर पावसाळ्यात घडते. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीचे हब व ब्रेक उघडून, धुऊन, गंज काढून मगच ती लांबच्या खेपेस न्यावी.

रोहिणी ते खंडेनवमी

आपल्या पंचांगातच या कामाच्या दोन तिथी जणू नेमून दिलेल्या आहेत. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी नक्षत्र लागते व शेतकरी राब-नांगरटीच्या तयारीस लागतो. त्याच आठवड्यात वाहनाचे टायर, नट व जॅक तपासून ठेवावेत. पाऊस ओसरल्यावर खंडेनवमी येते. त्या दिवशी ट्रॅक्टर, टेंपो व अवजारे धुऊन त्यांस गंध-फूल वाहण्याची आपली परंपरा आहे. धुतलेल्या चाकावर झेंडूची माळ घालण्यापूर्वी प्रत्येक नटावर एकदा पाना फिरवावा. लोखंडी चाके उतरवून, गंज काढून, तेलाचा हात देऊन ती पुढील हंगामासाठी कोरड्या जागी ठेवावीत. त्यांचे नट-बोल्ट डब्यात भरून त्याच चाकास बांधून ठेवावेत. पुढच्या जूनमध्ये ऐन चिखलणीच्या दिवशी शोधाशोध करावी लागत नाही. चाक बदलल्याची तारीख, तपासणीचा किलोमीटर आकडा व त्या वाहनाचा ठरलेला जोर गाडीतील वहीत लिहून ठेवावा. चालक बदलला तरी वही बदलत नाही.

बैलगाडीच्या काळात शेतकरी प्रवासास निघण्यापूर्वी आसाची खीळ हाताने चाचपून पाही व मगच बैलांस हाक देई. तेव्हा गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा होता व वाटेत माणसेही तुरळक असत. आज तोच शेतकरी दाट वस्तीच्या शहरात वेगाने शिरतो. त्याच्या टोमॅटोची वाट पाहणारी माणसेच त्याच्या रस्त्याच्या कडेस उभी असतात. त्या माणसांपर्यंत माल सुखरूप पोहोचावा व तो पोहोचविणारा सुखरूप घरी परतावा, यासाठी लागतो तो एक स्वच्छ हब, एक पाना, एक ताणकाटा आणि वाटेतील पाच मिनिटांचा थांबा. एवढी दक्षता प्रत्येक वाहनधारक शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहे व ती त्याने या रोहिणीपासूनच घेणे सर्वांच्या हिताचे होईल.